उंबऱ्यावरचं गोणपाट

त्या सकाळी अंगणात नऊ ओले बांबू होते. चिरलेल्या कामट्यांचे चार भारे होते, त्यातला एक पाण्याच्या टाकीत भिजत घातलेला. दोन कोयते, तीन सुऱ्या, धार लावायचा एक दगड. तयार टोपल्या एकात एक घालून भिंतीशी उभ्या केलेल्या, एकतीस. नुसतं बूड बांधून झालेल्या सात. त्यांच्या उभ्या कामट्या जमिनीवर चहूकडे पसरलेल्या. आबांच्या दातांत एक कामटी होती, त्यांच्या मुलाच्या, मधल्याच्या, दातांत एक. मधल्याचा मुलगा भुंग्या सव्वादोन वर्षांचा. त्याच्या तोंडात सोळा दात होते आणि त्या दातांत तिसरी कामटी.

तीन भावांतला मधला म्हणून तो मधला. थोरला शहरात गेला, धाकटा बायकोच्या गावी जाऊन राहिला. "आता तू कुणाच्या मधला रे?" असं गल्लीत विचारायचे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. भुंग्याचं नाव त्याच्या गुणगुणण्यावरून पडलं होतं. तोंडात काही असलं की तो नाकातून एकसारखा आवाज काढायचा. तो आवाज येत असेल तोवर पोरगं कुठे आहे हे बघायची गरज नसायची.

टोपली विणायला दोन हात पुरत नाहीत. बूड पायांच्या अंगठ्यांखाली दाबलेलं असतं. डाव्या हातात उभी कामटी ओढून धरलेली असते, उजव्या हाताने आडवी आत-बाहेर घालत जायची. ती संपत आली की पुढची तिथल्या तिथे लागते. उचलायला वाकलं की ताण सुटतो आणि टोपलीला पोट येतं. म्हणून पुढची कामटी दातांत धरायची. वर्षानुवर्षं धरून आबांच्या वरच्या दोन पुढच्या दातांना अर्धगोल खाच पडली होती. मधल्याच्या दातांनाही पडली होती, अजून उथळ. बाजारात कुणी हसलं की लोक ओळखायचे, हा टोपल्यांच्या गल्लीतला.

"अहो, त्याच्या तोंडातली काढा ना," मधल्याची बायको पाण्याची बादली घेऊन घरात जाता जाता म्हणाली. "तुमच्या पुढ्यात तर बसलाय."

"चावतोय नुसती. दाढा येतायत त्याला."

"दाढा येतायत तर गाजर देतात. बांबू नाही देत."

"इथले सगळे बांबू चावूनच मोठे झालेत," मधल्याची आई टोपलीची कड बांधता बांधता म्हणाली. "तुझा नवराही. बघ, झाला का काही कमी?"

"ते बघतेच आहे," बायको म्हणाली. आबा कामटीच्या मागून हसले. तिने बादली ठेवली, भुंग्याच्या तोंडातली कामटी ओढून काढली आणि भाऱ्यावर टाकली. तो एवढ्या मोठ्याने रडला की समोरची काकू दारात येऊन बघून गेली.

फळांचा व्यापारी आला तेव्हा बायको आत फरशी पुसत होती. मोटारसायकल त्याने अंगणाच्या तोंडाशी लावली, चालत आत आला, वरची एक टोपली उचलली आणि तिच्या बुडावर मूठ दाबून बघितली.

"आबा, यंदा माझा विचार क्रेटचा आहे. प्लास्टिकचे. धुतले की परत वापरायचे. तुमची टोपली एका खेपेत ढिली होते."

"टोपलीत फळ श्वास घेतं," आबा म्हणाले. बोलताना त्यांनी कामटी काढली नव्हती. ती ओठांबरोबर वरखाली होत होती.

"फळ घेतं हो. गिऱ्हाईक नाही घेत." त्याने टोपली परत ठेवली. "तोडणी सुरू व्हायच्या आत तीनशे लागतील. जमणार आहे का? माणसं किती घरात?"

"चार," मधला म्हणाला.

"मला दोन दिसतात विणणारी."

हे खरं होतं. आई कडा बांधायची, बायको कामट्या तासायची, विणणारे दोघंच. मधल्याचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं होतं. भुंग्या त्याच्या गुडघ्याशी उभा होता, नाक अजून ओलं होतं. मधल्याने भाऱ्यातून एक कामटी काढली, वीतभर तोडली आणि भुंग्याच्या ओठांना लावली. त्याने लगेच दात बंद केले.

"हा बघा तिसरा," मधला म्हणाला. "पळ रे कारागीर, आबांना नेऊन दे. पळ!"

भुंग्या गुणगुणत पळाला. कामटी तोंडाबाहेर सरळ आलेली, दोन्ही हात मागे. आबांनी त्याच्या तोंडातली कामटी आपल्या तोंडात घेतली. व्यापारी हसला. खराखुरा हसला, पोट हललं त्याचं.

"याला मजुरी काय देता?"

"हाच आमची वसूल करतो."

"परत पळवा त्याला. फोटो काढतो. घरी दाखवीन." त्याने फोन काढला. मधल्याने दिलेली दुसरी कामटी धरून भुंग्या दुसऱ्यांदा पळाला. फोटो निघाला. मग व्यापारी म्हणाला, "बरं. तोडणीपर्यंत थांबतो. पण तीनशे म्हणजे तीनशे. दोनशे नव्वद घेऊन आलात तर तेवढ्याही नेणार नाही." आबा उठले आणि त्याला मोटारसायकलपर्यंत पोचवायला गेले. आई त्यांच्या मागून गेली. मागच्या वर्षीच्या फाटक्या गोणी त्याने परत नेल्या नव्हत्या, ते तिला सांगायचं होतं.

अंगणात मधला आणि भुंग्या दोघंच उरले. भुंग्याने स्वतःहून कामटी तोंडात धरली होती आणि तो बापाकडे बघत उभा होता.

"अजून एकदा?" मधला म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं. "पळ."

बुडं बांधून ठेवलेल्या सात टोपल्यांपैकी एकीच्या पसरलेल्या कामटीत भुंग्याचा पाय अडकला. हात मागेच होते. तो तोंडावर पडला, उंबऱ्यापासून हातभर अलीकडे.

आवाज लगेच आला नाही. मधल्याने त्याला उचलून उलटं केलं तेव्हा तोंड उघडं होतं आणि श्वास आत ओढलेला होता. मग रक्त आलं, आणि रक्तामागून रडणं. वरचा ओठ आतून फाटला होता. पुढच्या दोन दातांतला डावा आत, जिभेकडे कलला होता. कामटीचा मोडका तुकडा जमिनीवर पडला होता. तो मधल्याने पायाने सरकवत नेऊन तासलेल्या भुशात ढकलला. हे त्याने विचार करून केलं नाही. पाय गेला.

बायको ओलं फडकं हातात घेऊनच बाहेर आली. "काय झालं? काय झालं हो?"

"उंबऱ्यावर आपटला."

तिने उंबऱ्याकडे बघितलं. दगड ओला होता, पाणी अजून चकाकत होतं.

"मी आत्ताच पुसला," ती म्हणाली. "कोरडा नाही केला मी. अगं आई गं. मी आत्ताच पुसला."

मधल्याने भुंग्याला तिच्याकडे दिलं.

बाजारच्या गावात दातांचा एकच दवाखाना होता, औषधांच्या दुकानाच्या वर. डॉक्टरीणबाई मधल्याहून लहान असतील. त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं, भुंग्याला तिच्या मांडीवर आडवं केलं आणि स्वतः समोर स्टुलावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. कापसाने रक्त टिपलं. बोटाने एकेक दात हलवून बघितला. एक्स-रेचा छोटा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून बघितला.

"मूळ मोडलेलं नाही. दात आत सरकलाय. चावताना खालच्या दाताला लागत नाहीये, म्हणून आत्ता हात लावत नाही, बहुतेक आपोआप पुढे येईल. पण लक्ष ठेवायचं. या दाताच्या मुळाच्या वर, इथे," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "त्याचा मोठेपणीचा दात तयार होतोय. दुधाचा आहे, पडणारच आहे, असं लोक म्हणतात. पण इथे पू झाला तर वरच्याचंही नुकसान होतं." त्या भुंग्याचा ओठ उलटा करून बघत होत्या. "पडला तेव्हा तोंडात काही होतं का? चमचा, ब्रश, पेन्सिल, काडी? या वयाची मुलं काहीही तोंडात घालून पळतात."

मधला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"लाकूड असेल तर या फोटोत दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून विचारते."

"नाही हो," बायको म्हणाली. "मीच उंबरा पुसला होता. पाणी राहिलं. माझीच चूक."

"तुम्ही बघितलंत?" डॉक्टरीणबाईंनी मधल्याला विचारलं.

"हो."

"तोंडात काही नव्हतं?"

"नाही."

त्यांनी ओठाला आतून दोन टाके घातले. मऊ भात, कोमट दूध, बाटली नाही, चोखणी नाही, दात ओल्या कापसाने पुसायचे. सूज तीन-चार दिवसांत उतरायला हवी. नाही उतरली, वास आला, ताप आला, तर लगेच यायचं, वाट बघायची नाही. हे सगळं त्यांनी मधल्याकडे बघून सांगितलं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिला.

घरी आल्यावर आई बायकोला फार बोलली नाही. फार बोलायची तिला गरजही नसायची. "फरशी काय पळून जाणार होती?" एवढंच म्हणाली. आणि जेवायला बसल्यावर, कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात, "आम्हीही तीन वाढवले. दगडाच्याच घरात."

"आई, पुरे," मधला म्हणाला.

"मी काय म्हटलं?"

बायको मान खाली घालून भुंग्यासाठी भात कुस्करत होती. मधल्याने तिची बाजू घेतली असं तिला वाटलं. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात उपकार मानल्यासारखं काहीतरी होतं. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी टोपल्या सोडून तो उंबऱ्याच्या मागे लागला. जुनं गोणपाट घेतलं, त्यात बांबूचा भुसा बोटाने चाचपून, टोचणारं काही नाही ना असं बघत भरला, दाभणाने शिवलं आणि दगडाच्या दोन्ही कडांवरून घट्ट ओढून खालून सुतळीने बांधलं. गाठी आतल्या बाजूला. मग त्यावर मूठ आपटून बघितली, नंतर गुडघा, नंतर कपाळ. आबा विणता विणता बघत होते.

"तीनशे व्हायच्यात," ते म्हणाले.

"होतील."

"उंबऱ्याला गादी घालून नाही होणार."

भुसा चाचपताना त्याला तो तुकडा सापडला होता. एक टोक सरळ तोडलेलं, दुसरं, दातांतलं, तिरपं मोडलेलं. मोडलेल्या बाजूने वरची हिरवी साल लांब गेली होती आणि आतला पांढरा भाग उचकटून आलेला. तिथलं काहीतरी कमी होतं. त्याने सगळा भुसा पोत्यावर पसरून पुन्हा पाहिला. कमी असलेलं मिळालं नाही. तो तुकडा त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकला आणि डबा फळीवर ठेवला.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई वजनं घ्यायला गल्लीत आल्या तेव्हा त्यांनी गोणपाट बघितलं. वाकून हात फिरवला, गाठी शोधल्या, सापडल्या नाहीत.

"हे कुणी केलं?"

"यांनी," बायको म्हणाली.

"दादा, अशी माणसं हवीत हो मला. मी घरोघर सांगून थकते, टोकं झाका, कडा झाका, पुसल्यावर कोरडं करा. लोक हो म्हणतात आणि तसेच बसतात. तुम्ही एका दिवसात केलंत." त्या हसल्या. "येत्या गुरुवारी आयांची बैठक तुमच्याच अंगणात घेते. बघू दे सगळ्यांना."

"नको हो, आमचं काम चालू असतं."

"अर्धा तास. चालू द्या तुमचं काम."

"घ्या की," आई म्हणाली. तिला गल्लीसमोर काहीतरी चांगलं व्हायला हवंच होतं.

भुंग्याची सूज उतरली नाही. तिसऱ्या दिवशी थोडी कमी वाटली, चौथ्या दिवशी परत आली, उजवीकडे जास्त. डावा दात हलेनासा होत चालला होता, ते चांगलं होतं. पण नाकाखालचा ओठ ताणून चकाकत होता आणि भुंग्या तिथे हात लावू देत नव्हता. दूध तोंडाच्या एका कोपऱ्यातून प्यायचा. गुणगुणणं बंद झालं होतं. तो कुठे आहे हे आता सारखं बघावं लागायचं, आणि तो बहुतेक वेळा आपल्या आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेला असायचा.

"वास येतोय," बायको म्हणाली. "सकाळपासून येतोय. हुंगा तुम्ही."

मधल्याने हुंगलं. येत होता. ओल्या भाऱ्याखाली पाणी साचून राहिलं की येतो तसा.

"दूध राहत असेल तोंडात."

"जाऊ या का दवाखान्यात?"

"बाई म्हणाल्या होत्या सूज राहते थोडी."

"तीन-चार दिवस म्हणाल्या होत्या."

"मोजत बसू नकोस," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. बायकोने भुंग्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझ्यावर चिडलात तर चिडा. मला कळतं. पण त्याला दाखवू या."

तो उठून टाकीपाशी गेला आणि नसलेलं काम शोधत राहिला. तिथे गेलं की त्या विचारणार, तोंडात काही होतं का. बायको शेजारी असणार. आत्ता सांगितलं तर दवाखान्यात सांगितलेलं खोटं, उंबऱ्याचं खोटं, गोणपाट खोटं, रोज जेवताना जे चाललंय ते सगळं खोटं. पहिल्या दिवशी एक वाक्य होतं. आता त्या वाक्यात सगळं घर राहत होतं. तो परत येऊन बसला, बुडावर अंगठे दाबले, आणि सवयीने हात तोंडाकडे गेला. दातांत धरलेली कामटी त्याने लगेच बाहेर काढली. त्याने ती कमरेच्या पट्ट्यात खोचली. दर टोपलीला आता जास्त वेळ लागत होता, आणि आबा ते बघत होते.

"दात दुखतो का तुझा?"

"नाही."

"मग?"

गुरुवारी आठ-नऊ बायका आल्या, कडेवर आणि बोटाला धरून पोरं. अंगणात पोती अंथरली. आबा कोपऱ्यात विणत राहिले, मधला त्यांच्या शेजारी. नर्सबाई उंबऱ्याशीच बसल्या, हात गोणपाटावर.

"बघून घ्या सगळ्यांनी. खर्च काय? काही नाही. जुनं गोणपाट."

"यांच्या उंबऱ्याला गादी," समोरची काकू म्हणाली, "आणि आमच्या ह्यांना अजून चटईच." बायका हसल्या.

नर्सबाई बोलत गेल्या. पोर पाळण्यात उभं राहायला लागलं की पाळणा बंद. पाणी पिताना बसवायचं, भांडं तोंडाला लावून पळू द्यायचं नाही. दात घासायला कुणीतरी जवळ बसायचं, ब्रश तोंडात ठेवून उठू द्यायचं नाही. मोठ्या पोराचा पक्का दात निघून हातात आला तर मुळाला धरायचा नाही, दुधात टाकून तडक दवाखाना. दुधाचा निघाला तर परत बसवायचा नाही.

"मग काय करायचं त्याचं?" एकीने विचारलं.

"जपून ठेव. सुनेला दाखव."

पुन्हा हसू. मग नर्सबाईंनी बायकोला जवळ बोलावलं. "ताई, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की पटतं. कसं झालं ते सांगा."

बायको उभी राहिली. भुंग्या तिच्या खांद्यावर तोंड ठेवून होता. तिने पदर नीट केला. "मी फरशी पुसत होते," ती म्हणाली. "उंबरा ओला राहिला. माझं लक्ष नव्हतं. हा पळत आला आणि..." ती थांबली. "कोरडं करायला क्षणभर लागतो. मी नाही केलं. तुम्ही करत जा."

बायकांनी च्च् च्च् केलं. कुणी म्हणालं, असू दे गं, कुणाचंही होतं. मधल्याची आई टोपलीच्या कडेकडे बघत होती.

तेव्हाच काकूची तीन वर्षांची नात भाऱ्यापाशी गेली. तिने एक कामटी उपसली, दातांत धरली, हात मागे बांधले आणि आबांकडे बघून डुलायला लागली. दोन-तीन बायकांनी ते पाहिलं. "अगंबाई, आबा! बघा तुमची नक्कल!" आबांनी आपल्या तोंडातली कामटी हलवून तिला सलाम केला. पोरगी खुश झाली आणि पळत सुटली, पोत्यांच्या मधून, पसरलेल्या पायांवरून, उंबऱ्याकडे. बायका हसत पाय आवरत होत्या.

मधला टोपलीवरून उडी मारून गेला. त्याने पोरीला कमरेत पकडलं, हनुवटी दाबली आणि कामटी काढून घेतली. पोरगी किंचाळली.

"अहो, काय करताय!" काकू उठली. "खेळतेय ती!"

"असंच झालं," मधला म्हणाला.

"काय असंच?"

"उंबऱ्यावर नाही पडला तो." तो काकूकडे बघून बोलत होता, दुसरीकडे बघणं शक्य नव्हतं. "उंबऱ्यापर्यंत पोचलाच नाही. तोंडात कामटी होती. मी दिली होती. मी पळवला त्याला, व्यापाऱ्याला दाखवायला. तो गेल्यावरही पळवला. त्या टोपलीत पाय अडकला."

काकूने नातीला आपल्याकडे ओढून घेतलं. पोरगी रडतच होती.

"अरे, गप," आई हळूच म्हणाली. "बायकामाणसांत काय बोलतोस."

"पाण्याचा काही संबंध नाही. ओलं नव्हतं तिथे."

आबांनी तोंडातली कामटी काढली. कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. हातात धरून बसले.

नर्सबाईंचा हात गोणपाटावरून कधी उचलला गेला कुणाला कळलं नाही. त्या उभ्या राहिल्या, भुंग्यापाशी गेल्या, आणि त्याचं तोंड न उघडता नुसता ओठ बघितला. मग मधल्याला विचारलं, "कामटी अख्खी मिळाली?"

"टोक नव्हतं."

"ते कुठे गेलं?"

त्याने आत जाऊन खिळ्यांचा डबा आणला, तुकडा काढला आणि मोडलेलं टोक त्यांच्यापुढे धरलं. बायकोही बघत होती. ती तुकड्याकडे नाही, डब्याकडे बघत होती; तो इतके दिवस ती निजायची तिथेच, तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता.

"हे कधीपासून माहीत होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून."

"चला," त्या म्हणाल्या. "आत्ता. आहात तसे निघा."

काकूचा मुलगा रिक्षा चालवायचा, त्यानेच नेलं. नर्सबाई पुढे त्याच्याजवळ अंग चोरून बसल्या. मागे बायको, तिच्या मांडीवर भुंग्या, आणि मधला. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला बायको भुंग्याच्या हनुवटीखाली तळहात धरत होती.

"बाईंनी मला विचारलं होतं, तोंडात काही होतं का," ती म्हणाली. "मी पाणी सांगितलं. तुम्ही दारात उभे होतात."

"हो."

"आत्ता अंगणात मी उभी राहिले. तेव्हाही तुम्ही बसला होतात."

"हो."

रिक्षा थांबली तेव्हा त्याने भुंग्याला घ्यायला हात पुढे केले. तिने दिला नाही. स्वतःच जिना चढली.

मधल्याने डॉक्टरीणबाईंना सगळं पुन्हा सांगितलं. अंगणातल्यापेक्षा इथे अवघड गेलं, कारण त्या मध्ये काही बोलल्या नाहीत, फक्त विचारत गेल्या: कामटी किती जाड, ओली की वाळलेली, तोंडात कुठल्या बाजूला होती. "उजवीकडे," तो म्हणाला. त्यांनी ओठाची उजवी बाजू अंगठ्याने चाचपली. भुंग्याने सगळं अंग ताठ केलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत वर गेलंय. टाके मी डावीकडे घातले, फाटलं होतं तिथे. इकडे बारीकसं भोक होतं, ते मला ओरखडा वाटलं." मग मधल्याकडे बघून म्हणाल्या, "इकडे या. डोकं तुम्ही धरा."

"ती धरेल," तो म्हणाला.

"त्यांनी हात धरलेत. डोकं तुम्ही."

तो खुर्चीच्या मागे गेला. दोन्ही तळहात त्याने भुंग्याच्या कानांवर ठेवले. डोकं गरम होतं आणि टोपलीच्या बुडाएवढंही नव्हतं. सुई टोचली तेव्हा भुंग्याने वर बघितलं. उलटा दिसणारा बापाचा चेहरा त्याने पाहिला आणि रडता रडता त्याच्याचकडे हात करायचा प्रयत्न केला. बायकोने ते हात धरून ठेवले होते. मधल्याला मान फिरवायची होती. त्याने फिरवली नाही.

सुरुवातीला पू आला. नर्सबाईंनी कापूस बदलला, परत बदलला. डॉक्टरीणबाईंनी चिमटा आत घातला, काढला, दिव्याची मान वाकवून परत घातला. या वेळी त्या थांबल्या, मनगट न हलवता बोटं मिटली आणि सावकाश, ज्या दिशेने गेलं असेल त्याच दिशेने, बाहेर ओढलं.

ते त्यांनी कापडाच्या तुकड्यावर ठेवलं, पाण्याने धुतलं, आणि सोबत आणलेल्या कामटीच्या मोडक्या टोकाशी लावून पाहिलं. तिरपी कड कडेला बसली, मध्ये फट राहिली नाही. मग शेजारी स्टीलची पट्टी ठेवली.

लांबी चौदा मिलिमीटर. रुंदी दोन.